शुगर आहे? मग दातांकडेही पाहा



गटाच्या बैठकीत शुगरचा विषय निघाला की बोलायला खूप असतं. कोणी पायाची आग सांगते, कोणी डोळ्याला धूसर दिसतं म्हणते, कोणी रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं ते सांगते. दातांचं मात्र कोणी स्वतःहून सांगत नाही. मुद्दाम विचारलं तर उत्तर येतं, "दात हालून राह्यले थोडे, पण ते तं वयानं हालतेच." आणि हे सांगणारी मावशी पंचेचाळीसचीही नसते! दात वयाने पडत नाहीत. हिरडी सडली की पडतात, आणि शुगर वाढलेली असली की हिरडी लवकर सडते. म्हणून या अंकात शुगरचे उपचार आणि दात दोन्ही एकत्र घेतले आहेत. लेख जरा लांब आहे. एका बैठकीत अर्धा वाचा, पुढच्या बैठकीत उरलेला.

हिरडीचं आणि शुगरचं काय नातं?

आपण जेवतो तेव्हा दाताच्या मुळाशी अन्नाचा पातळ, चिकट थर बसतो. त्यात जंतू वाढतात. रोज नीट घासलं तर तो निघतो. नाही घासलं तर काही दिवसांत त्याचा दगडासारखा कडक थर होतो, त्यालाच आपण कीट म्हणतो. कीट हिरडीखाली सरकत जातं, हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येतं. पुढे हिरडी दातापासून सुटते, आतलं हाड झिजतं आणि दात हलायला लागतो. हा पायरिया. तो बराच काळ दुखतच नाही, म्हणून तर बाई दवाखान्यात जात नाही.

आता यात शुगर काय करते? रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याने हिरडीला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही. लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं. लाळ म्हणजे तोंड धुणारं घरचंच पाणी, तेच आटलं तर घाण साचणारच. शुगर ताब्यात नसलेल्या माणसाला पायरिया होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट जास्त असतो.

ही गाडी उलटीही चालते. हिरडीत महिनोन्‌महिने पू आणि सूज राहिली की तिचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो आणि इन्सुलिनचं काम मंदावतं. म्हणजे गोळ्या वेळेवर, जेवण बेताचं, तरी शुगर खाली येत नाही. असं कोणाचं होत असेल तर तोंड उघडून बघायलाच हवं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०२२ मध्ये मांडला गेला. हिरड्यांची नीट सफाई केलेल्या रुग्णांची 'तीन महिन्यांची शुगर' तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ टक्क्याने उतरलेली दिसली. ऐकायला हे थोडं वाटतं, पण शुगरमध्ये ०.४ म्हणजे काही लहान आकडा नाही. नुसत्या दात साफ करण्याने एवढं मिळत असेल तर कोणाला नको?

आधी आकडे समजून घेऊ

उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त, किंवा जेवणानंतर (ग्लुकोज पाजून) दोन तासांनी २०० किंवा जास्त आली तर मधुमेह समजतात. एकदाच जास्त आली आणि त्रास काही नसेल तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात. 'तीन महिन्यांची शुगर' म्हणजे एचबीएवनसी. ती ६.५ टक्के किंवा वर गेली की मधुमेह. ५.७ ते ६.४ ही सीमारेषा आहे, इथून परत फिरता येतं. आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त लोक या सीमारेषेवर आहेत, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत दिसलं.

एचबीएवनसीबद्दल एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी खास लक्षात ठेवावी. ही तपासणी लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते. ज्यांना सिकलसेल आहे त्यांच्या लाल पेशी लवकर तुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो खोटा जास्त येऊ शकतो. आपल्याकडे सिकलसेलही आहे आणि रक्त कमी असलेल्या बायाही घरोघरी आहेत. म्हणून तुमच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल, तुम्ही वाहक असलात तरीसुद्धा, ते डॉक्टरांना दाखवा. नुसत्या एका कागदावर "शुगर नॉर्मल" वाचून घरी येऊ नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगरही तपासून घ्या.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपीची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताई फॉर्म भरायला घरी येते तेव्हा "मले काही नाही" म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. ज्यांना बाळंतपणात शुगर निघाली होती त्यांनी तर दरवर्षी तपासावं. बाळंतपणानंतर ती जाते, पण पुढच्या काही वर्षांत परत येण्याची शक्यता या बायांना जास्त असते.

उपचार कोणकोणते?

पहिला उपचार जेवण आणि हालचाल. यावर आपण खूप ऐकलं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ज्वारीची भाकर खाल्ली म्हणजे शुगर वाढत नाही, हा समज चुकीचा आहे. भाकरीनेही वाढते, फक्त भात आणि मैद्यापेक्षा जरा हळू. चार भाकरींच्या जागी दोन घ्या, आणि ताटात तुरीचं वरण, भाजी, काकडी, मुळा वाढवा. दिवसातून पाच वेळा गोड चहा होत असेल तर आधी तिथे हात घाला. हा चहा शुगर वाढवतो आणि दातही किडवतो. "मी तं दिवसभर वावरात राबते, मले चालायची काय गरज?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. निंदण-वेचणीचं काम म्हणजे व्यायामच, ते धरायलाच हवं. पण हंगाम संपला की मार्च ते मे काय करता, ते मला सांगा.

दुसरा उपचार गोळ्या. बहुतेकांना सुरुवातीला मेटफॉर्मिन देतात. ही फार जुनी, स्वस्त आणि भरवशाची गोळी आहे. पहिले काही दिवस पोटात गुडगुड होते, मळमळतं, म्हणून जेवणासोबत किंवा जेवण झाल्यावर घ्यायची. "गोळीनं किडनी खराब होते" ही अफवा आहे. किडनी खराब करते ती वाढलेली शुगर. किडनी आधीच अधू असेल तर डॉक्टर या गोळीचा डोस कमी करतात किंवा ती बंद करतात, तिथून ही गोष्ट उलटी पसरली असावी. वर्षानुवर्षं ही गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. जीभ लाल गुळगुळीत होणं, तोंडाची आग होणं, पायाला मुंग्या येणं, असं असेल तर डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोळी ग्लिमेपिराईड. ही स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेते. जेवणाच्या थोडं आधी किंवा पहिल्या घासासोबत घेतात, आणि घेतल्यावर जेवावंच लागतं. सकाळी गोळी घेऊन उपाशी वावरात गेलं आणि शिदोरी बारा वाजता उघडली तर मधे शुगर घसरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, भूक लागते, डोकं चालेनासं होतं. लोकांना वाटतं ऊन लागलं. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर किंवा गुळाचा खडा खायचा, पंधरा मिनिटं सावलीत बसायचं, बरं वाटलं नाही तर परत साखर घ्यायची आणि मग जेवायचं. ती बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही कोंबू नका, १०८ ला फोन करा. नवरात्र, चतुर्थीचे उपवास करणाऱ्यांनी ही गोळी त्या दिवशी कशी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा. साबुदाण्याने शुगर भराभर चढते हेही जाता जाता सांगून ठेवते. उपवासाला तो खाऊन वर "आज काही खाल्लंच नाही" म्हणणाऱ्या मावश्या मला चांगल्या माहीत आहेत!

याशिवाय व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन अशा नव्या गोळ्या आहेत. डापाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. तिच्यामुळे अंगावरच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते. लाजेने अंगावर काढू नका, नर्सताईला सांगा. या गोळ्या बाहेरून घ्यायच्या असतील तर जन औषधी केंद्रात स्वस्त पडतात.

तिसरा उपचार इन्सुलिन. याची आपल्याकडे फार भीती आहे. "इन्सुलिन लागलं म्हणजे शेवट आला." असं काही नाही. १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना उपासमार करून थोडे दिवस जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. लहानपणी होणाऱ्या मधुमेहात तर इन्सुलिनच लागतं, गोळ्या चालत नाहीत. मोठ्या माणसांना ते कधी कायमचं लागतं, कधी थोड्या दिवसांपुरतं: गरोदरपणात, मोठ्या ऑपरेशनच्या वेळी, किंवा दाताला मोठा पू झाला तेव्हासुद्धा. त्याची सवय लागत नाही.

प्रश्न असतो ठेवायचं कुठे. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे घरात थंड जागी चालते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा टिनाच्या घरात ती टिकत नाही. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बाटली ठेवा, वर ओलं फडकं झाका, मडकं सावलीत राहू द्या. रेती रोज ओली करायची.

कडुनिंब, कारलं, जांभळाच्या बिया, मेथी यांचं काय? खायला हरकत नाही. पण कडू खाल्ल्याने गोड कापलं जातं असा हिशोब शरीरात चालत नाही. काढा सुरू केला म्हणून गोळी बंद करायची, हे करू नका. बाजारच्या दिवशी "शुगर मुळापासून" म्हणून पुड्या विकणारे बसतात. त्यांच्याकडे पुढच्या बाजारी तक्रार घेऊन गेलं तर ते तिथे नसतात.

आता तोंड उघडा

घरीच आरशासमोर, उजेडात पाहा. हिरडी गुलाबी आणि घट्ट आहे की लाल, फुगलेली? घासताना रक्त येतं का? दात लांब झाल्यासारखे, मधे फटी पडल्यासारखे दिसतात का? सकाळी तोंडाला वास, हिरडी दाबली तर पू? जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरा थर, जो पुसला की खाली लाल दिसतो? तो बुरशीचा असतो, शुगर असलेल्यांना आणि रात्री कवळी न काढता झोपणाऱ्यांना जास्त होतो. यातलं काही असेल तर दंतवैद्याकडे जायचं, आणि काहीच नसलं तरी शुगर असणाऱ्यांनी वर्षातून एकदा जाऊन यायचं.

पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या बहिणींसाठी एक वेगळी गोष्ट. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, त्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. हे डाग घासून जात नाहीत आणि ते कीटही नाही. डाग आहेत म्हणून विटेची भुकटी किंवा राखेने घासत बसलात तर दाताचं वरचं कवच झिजतं, डाग तिथेच राहतो. उलट दात पांढरेशुभ्र असूनही हिरडीखाली पायरिया असू शकतो. रंगावर जाऊ नका.

घासायचं कसं? मऊ ब्रश, साधी फ्लोराईडची पेस्ट, दिवसातून दोनदा. त्यातलं रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते. ब्रश आडवा रगडू नका, हिरडीकडून दाताकडे हलका फिरवा. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी वापरत असाल तर ती चावून मऊ कुंचा करा. रक्त येतं म्हणून घासणं थांबवायचं नाही. घाण राहिली म्हणूनच रक्त येतं, नीट घासलं की काही दिवसांत बरंच कमी होतं.

आणि आता ज्यावर बायका माझ्यावर चिडतात तो विषय. नस, गुल, मिश्री, गुडाखू. "दात दुखते म्हणून लावते, लावलं का बरं वाटते." बरं वाटतं कारण तंबाखूने ती जागा थोडा वेळ बधिर होते आणि डोकं शांत होतं. आतून हिरडी सुटतच असते. तंबाखूने हिरडीचं रक्त येणं कमी दिसतं, म्हणून आजारही लपतो. शुगर, तंबाखू आणि पायरिया एकत्र आले की दात वाचवणं दंतवैद्यालाही जड जातं. कॅन्सरची गोष्ट तर वेगळीच. खर्रा आपल्याकडे माणसंच खातात असं म्हणायची सोय आता राहिली नाही, वेचणीच्या वेळी ओच्यात कोणाच्या काय असतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

दवाखान्यात जाताना

"सफाई केली का दात ढिले होते" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. खरं असं आहे की हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटाचा दगड दातांना एकमेकांत धरून ठेवतो. दगड काढला की खरी फट दिसते, काही दिवस ठणका बसतो, थंड पाणी लागतं. पण हिरडी आता घट्ट होऊ शकते. कीट राहू दिलं तर तो दात जाणारच होता.

दात काढायचा असेल तर उपाशी जाऊ नका, हे सगळ्यात आधी. भुलीचं इंजेक्शन फक्त त्या जागेपुरतं असतं, त्यासाठी पोट रिकामं लागत नाही. सकाळी नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन, सकाळचीच वेळ घ्या. शुगरची वही आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. "मला शुगर आहे" हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा. बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगा, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. शुगर फार जास्त असेल तर डॉक्टर थोडे दिवस थांबायला सांगतील, ते तुमच्या भल्यासाठी. मात्र पू झाला असेल, सूज असेल तर थांबून चालत नाही, आधी पू काढावा लागतो. नाहीतर त्याच पुवाने शुगर चढत राहते.

काढून आल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा. त्या दिवशी जोरात चूळ भरू नका, थुंकत राहू नका, तंबाखू अजिबात नाही. पण जेवण सोडू नका! तोंड दुखतं म्हणून जेवायचं नाही आणि गोळी मात्र घ्यायची, यात शुगर घसरून बाई पडते. गार केलेली आंबील, मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकर घ्या.

काही गोष्टींत दिवस घालवायचा नाही. दातामुळे गाल सुजून सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कितीतरी लोकांचे वरचे जबडे, डोळे काढावे लागले. त्यातल्या बहुतेकांची शुगर ताब्यात नव्हती, आणि अनेकांचा पहिला त्रास होता वरचे दात अचानक हलणं, गाल बधिर होणं, नाकातून काळपट पाणी येणं. तो आजार आजही शुगरवाल्यांना होऊ शकतो.

जायचं कुठे? उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडम ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. शुगरच्या नेहमीच्या गोळ्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. दातांचे डॉक्टर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भेटतात, पण कोणत्या वारी बसतात ते आशाताईकडून विचारूनच निघा, एक दिवसाची मजुरी फुकट जायला नको. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वेगळ्या खात्याचं असल्याने तिथे सरकारी दराची थोडी फी लागते. मोठं काम असेल तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. रस्त्याकडेला बसून एका बैठकीत पक्के दात बसवून देणाऱ्याकडे जाऊ नका. तो दात सिमेंटसारखा शेजारच्या दातांना चिकटवतो, खाली घास साचतो आणि चांगले दातही सोबत जातात.

शेवटी पैशाचं. मोटरपंपासाठी, लेकाच्या फीसाठी, नणंदेच्या लग्नासाठी आपण गटातून अंतर्गत कर्ज उचलतो. स्वतःच्या दातासाठी उचललेलं कर्ज मी अजून कोणत्याच गटाच्या रजिस्टरमध्ये पाहिलं नाही. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते फक्त भिंतीवर लिहायला नाही. येत्या महिन्याच्या बैठकीला ज्यांना शुगर आहे त्यांनी आपली वही आणा, आणि बैठकीच्या वहीत त्यांच्या नावापुढे दोन तारखा लिहा: शुगर शेवटची कधी तपासली, दात शेवटचे कधी दाखवले. दुसरा रकाना रिकामा असलेल्या बाया मोजून अध्यक्षताईंनी आकडा ग्रामसंघात द्यावा. चार-पाच गावांच्या बाया एकत्र झाल्या तर ग्रामीण रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरांना विचारून एक दिवस ठरवता येईल. एकच ऑटो केला तर भाडंही वाटून जाईल.